घाटमाथ्याचे पाणी आणि खाडीचे आरोग्य



खानापूर तालुक्याच्या नकाशाकडे लक्षपूर्वक पाहिल्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. या एकाच तालुक्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते, कूडलसंगम येथे कृष्णेत विलीन होते आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंतचा दीर्घ प्रवास करते. तेथून फार दूर नसलेल्या भीमगडच्या अरण्यात, देगावच्या परिसरात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते, गोव्यात मांडवी हे नाव धारण करते आणि पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. लोंढ्याच्या परिसरातील पाणी याहूनही वेगळ्या वाटेने जाते. ते पांढरी नदीतून सुप्याकडे वाहते, काळी नदीस मिळते आणि सदाशिवगड व कारवार यांच्या मधून समुद्रात शिरते.

लोंढा हे गाव सर्वांना परिचित आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. मुरगाव बंदराला दख्खनच्या पठाराशी जोडणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दूधसागरचा घाट चढून वर आला, आणि तेव्हापासून या स्थानकाचा समुद्राशी नित्याचा संबंध जडला. त्याही पूर्वी किनाऱ्यावरचे मीठ व सुकी मासळी घाटवाटांनी वर येत असे आणि वरचे धान्य खाली जात असे. परंतु रेल्वे आणि बैलांचे तांडे यांच्याही आधीपासून घाटमाथा आणि किनारा यांच्यामध्ये एक दळणवळण अखंड चालू आहे. ते पाण्याचे आहे. लोंढ्याहून समुद्र दिसत नाही, त्याची गाज ऐकू येत नाही. तरीही येथील ओढ्यात जे पडते त्याचा हिशेब अखेरीस खाडीतच होतो. खाड्या, उपसागर आणि नदीमुखे यांच्या आरोग्याचा विचार समुद्रापासून दूर असलेल्या या गावी करावयाचा तो याच कारणासाठी.

खाडी म्हणजे काय?

खाडी म्हणजे नदी आणि समुद्र यांचे सामाईक अंगण होय. भरतीच्या वेळी समुद्र आत येतो, ओहोटीच्या वेळी नदी बाहेर जाते, आणि दिवसातून दोनदा होणाऱ्या या येरझारीत गोडे व खारे पाणी एकमेकांत मिसळते. मांडवी नदीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत, गांजे गावाच्या परिसरापर्यंत जाणवतो. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या कुंभारजुवे कालव्याने एकमेकींशी जोडल्या गेल्या आहेत, त्यामुळे एकीच्या पाण्यातील बदल दुसरीपर्यंत पोहोचतो.

या पाण्याचा खारटपणा वर्षभर सारखा राहत नाही. जून ते सप्टेंबर या काळात घाटावरून येणारे पुराचे पाणी खाडी धुऊन काढते आणि खारे पाणी मुखाकडे ढकलले जाते. पाऊस संपला, नद्यांचा ओघ मंदावला, की समुद्र हळूहळू आत सरकू लागतो आणि वैशाखापर्यंत खारटपणा बराच वरपर्यंत चढतो. खाडीतील जीवसृष्टीने आपले आयुष्य या चढउताराशी जुळवून घेतलेले आहे. कोळंबीची पिले खोल समुद्रातून खाडीत येतात, कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाला वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्रात जातात. बोय, चोणक, तांबोशी, काळुंदर ही मासळी, तसेच तिसऱ्या, कालवे, शिनाणे यांसारखे शिंपल्यातील जीव याच पाण्यावर पोसले जातात. जुवारीच्या काठी चिखलीच्या उपसागरात सपाट, पातळ व पारदर्शक शिंपले सापडतात. काच दुर्मीळ होती त्या काळी गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना याच जातीचे शिंपले बसवीत असत. त्या खिडक्यांतून आलेला उजेड हाही एका परीने निरोगी खाडीचाच आशीर्वाद होता.

कांदळवन, ज्याला कोणी तिवर किंवा चिपी म्हणतात, ते या सृष्टीचे संरक्षक आहे. त्याची मुळे चिखल धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि लहान जिवांना आसरा देतात. मांडवीतील चोडण बेटावरील कांदळवनात १९८८ साली डॉ. सलीम अली यांच्या नावाने पक्षी अभयारण्य स्थापन झाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली कांदळवनांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कक्ष निर्माण केला आणि २०२० साली पांढऱ्या चिपीस राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. यावरून या वृक्षांचे महत्त्व शासनाला पटले आहे, हे स्पष्ट होते.

पूर्वजांचे व्यवस्थापन

खाडीचे व्यवस्थापन ही काही आजच्या काळाने शोधून काढलेली कल्पना नाही. गोव्यातील खाजण जमिनी हे तिचे उत्कृष्ट उदाहरण आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या सखल जमिनीभोवती माती, चिरे व पेंढा यांचे बांध घालून तेथील गावकऱ्यांनी शेती उभी केली. अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे अठरा हजार हेक्टर सांगितले जाते. बांधात ठिकठिकाणी मानशी बसविलेल्या असतात. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. यंत्र नाही, इंधन नाही. चंद्राच्या गतीवर चालणारी ही व्यवस्था होय. आत पावसाळ्यात कोरगुटसारखे खारटपणा सोसणारे भात पिकते, आणि मानशीच्या तोंडाशी मासळीही मिळते.

या व्यवस्थेचे खरे बळ तिच्या लाकडात किंवा मातीत नव्हते. ते सामाईक जबाबदारीत होते. बांधाला लहानसे भोक पडले तरी ते ज्याच्या शेताजवळ असेल त्याने बुजवावे, मोठे भगदाड पडले तर सर्वांनी धावून जावे, हा दंडक होता. कारण एका ठिकाणी शिरलेले खारे पाणी साऱ्यांच्या शेतात पसरते आणि ती जमीन पुढे काही हंगाम नापीक करते. कोकणातही खारबंधाऱ्यांची अशीच परंपरा आहे आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी १९७९ साली खारभूमी विकासाचा स्वतंत्र कायदा झाला. जेथे गावाने लक्ष काढून घेतले, तेथे बांध फुटले आणि भातशेतीचे तळे झाले, असा अनुभव किनाऱ्यावर अनेक ठिकाणी आलेला आहे.

तथापि खाजणाचा बांध फक्त खालून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला अडवू शकतो. वरून येणाऱ्या गढूळ पाण्यावर त्याचा इलाज चालत नाही. तो इलाज घाटमाथ्यावरच करावा लागतो.

घाटमाथा खाडीला काय देतो?

घाटावरून खाडीकडे प्रामुख्याने तीन गोष्टी जातात: पाणी, माती आणि मळ. या तिन्हींचे प्रमाण बिघडले की खाडी आजारी पडते.

पहिली गोष्ट पाण्याची. सह्याद्रीवरील दाट अरण्यात पावसाचा थेंब प्रथम पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यावर उतरतो आणि सावकाश जमिनीत मुरतो. हेच मुरलेले पाणी पुढे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि मार्च-एप्रिलमध्येही नदी वाहती ठेवते. दूधसागरचे पाणी खांडेपार नदीवाटे मांडवीस मिळते, आणि याच खांडेपारच्या काठी ओपा येथे शुद्ध केलेले पाणी फोंडा व पणजी परिसरातील नळांना जाते. वरचे झरे आटले, नदीचा उन्हाळी ओघ मंदावला, तर खालून खारे पाणी अधिक वर चढणार हे उघड आहे. म्हणजे खाडीचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली आणि गोव्यातील म्हादई अभयारण्य १९९९ साली घोषित झाले. ही अरण्ये वन्य प्राण्यांसाठी राखली गेली हे खरे. पण ती खाडीची पाणीकोठारेही आहेत, हे सहसा सांगितले जात नाही.

दुसरी गोष्ट मातीची. थोडी माती खाडीला हवीच असते. तिच्यातूनच कांदळवनाला पाया मिळतो आणि सूक्ष्म जीवांना अन्न मिळते. परंतु उतारावरची झाडी गेली, रस्त्यासाठी अथवा खाणीसाठी डोंगर उघडा पडला, की पहिल्या पावसातच तांबडे लोट वाहू लागतात. येथे निसर्गाचा एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण गोड्या पाण्यात तरंगत राहतात; खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच ते एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. घाटावरून शंभर किलोमीटर वाहत आलेला गाळ नेमका खाडीतच साठतो तो यामुळे. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही, शिंपल्यांचे श्वसन कोंडते, नौकानयनाचा मार्ग उथळ होतो आणि पुराचे पाणी काठाबाहेर पसरते. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींच्या भरभराटीच्या काळात डिचोली, सत्तरी व सांगे या भागांतील टाकाऊ मातीचे ढिगारे पावसात वाहून नद्यांत व शेतांत आले, याचे दुःख तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसले आहे.

तिसरी गोष्ट मळाची. वस्त्यांचे सांडपाणी, कारखान्यांचे निचरे, शेतातून वाहून गेलेली खते व औषधे आणि अलीकडे प्लॅस्टिक हे सारे उताराच्या दिशेने जाते. खतातील नत्र व स्फुरद शेतात पिकाचे अन्न असते. खाडीत गेल्यावर तेच शेवाळाचे अन्न होते. शेवाळ बेसुमार वाढते, मरते आणि कुजते. कुजताना ते पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते, आणि मग मासळी गुदमरते. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेले खत शेतात राहिले नाही आणि कोळ्याच्या जाळ्यातील मासळीही गेली, असा दोन्हीकडून तोटा यात होतो.

'वाया जाणारे पाणी' हा गैरसमज

नद्यांसंबंधी बोलताना एक वाक्प्रयोग वारंवार कानी पडतो. 'इतके पाणी समुद्राला वाया जाते' असे म्हटले जाते. दुष्काळाच्या झळा सोसणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आले तर त्याला दोष देता येणार नाही. तहानलेल्या गावाला पाणी हवे, ही गरज खरी आहे. पण समुद्राला मिळणारे पाणी निरुपयोगी आहे ही समजूत मात्र खरी नाही. ते पाणी वाटेत खाडी धुते, गाळ पुढे लोटते, क्षार मर्यादेत ठेवते, कोळंबीच्या पिलांना वाढवते आणि काठच्या विहिरींचे पाणी गोडे राखते. वाट्यास आलेले काम पार पाडूनच ते समुद्राला मिळते.

म्हादईच्या पाणलोट क्षेत्राचा विस्तार २,०३२ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी १,५८० चौरस किलोमीटर गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात येते. या पाण्याच्या वाटपाबाबत केंद्र सरकारने २०१० साली लवाद नेमला. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा देऊन कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी नेमून दिले. त्यानंतर तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या वादाच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच ध्यानात घ्यावयाचे की, वाटप कसेही झाले तरी वाटेकऱ्यांच्या यादीत खाडीचेही नाव असले पाहिजे. ती न्यायालयात जाऊ शकत नाही, अर्ज करू शकत नाही. तिची बाजू माणसांनीच मांडावयाची आहे.

काळी नदीचा अनुभव

लोंढ्याच्या पाण्याचा खरा संबंध काळी नदीशी आहे. काळी व पांढरी यांच्या संगमावर वसलेले जुने सुपे गाव धरणाच्या जलाशयात बुडाले आणि तेथील अनेक कुटुंबे जवळच्या रामनगरात वसली. पाणी अडविले की वरच्या माणसाच्या आयुष्यात काय बदल घडतो, हे या कुटुंबांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. खाली काय घडते, ते मात्र वरच्यांना क्वचितच कळते.

काळी नदीवर सुप्याखेरीज बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी व कद्रा अशी धरणे झाली. त्यांनी वीज दिली, दिवे लावले, उद्योग चालविले. त्याचबरोबर नदीचा ऋतूंनुसार होणारा चढउतारही बदलला. पूर्वी उन्हाळ्यात जेथे खारे पाणी चढत असे, तेथे वीजनिर्मितीनंतर सोडलेले गोडे पाणी बाराही महिने येऊ लागले. वरवर पाहता हे चांगलेच वाटेल. परंतु जे शिंपले आणि जे वृक्ष उन्हाळी खारटपणावर जगत होते, त्यांच्या वेळापत्रकात यामुळे व्यत्यय आला. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बायाबापड्यांच्या टोपलीवर त्याचा परिणाम होतो. यातून निघणारा बोध असा की, खाडीला पाणी किती मिळते एवढेच पाहून भागत नाही. ते केव्हा मिळते हेही पाहावे लागते.

याच जिल्ह्यात कुमठ्याजवळची अघनाशिनी ही धरणाविना वाहणारी नदी आहे. तिच्या खाडीत आजही शिंपले वेचून व मासेमारी करून मोठ्या संख्येने कुटुंबे पोट भरतात. २०२४ साली या खाडीस रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. प्रत्येक नदी अघनाशिनीसारखी राखणे आता शक्य नाही हे मान्य केले, तरी निरोगी खाडी कशी असते हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

इतरत्र काय घडले?

ओडिशातील चिलका सरोवर हे समुद्राशी जोडलेले खारे सरोवर आहे. गाळाने त्याचे मुख अरुंद झाले, पाणी गोडे पडत चालले, पाणवनस्पती माजल्या आणि १९९३ साली त्याची गणना धोक्यात आलेल्या जागतिक पाणथळ क्षेत्रांत झाली. २००० साली समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. त्याबरोबरच वरच्या पाणलोटातील माती थोपविण्याचे काम गावांच्या सहकार्याने हाती घेण्यात आले. मासळीचे उत्पादन अनेक पटींनी वाढले आणि २००२ साली चिलकाचे नाव धोक्याच्या यादीतून वगळले गेले. आजारी पडलेले पाणी पुन्हा बरे होऊ शकते, हा दिलासा यातून मिळतो.

दुसरे उदाहरण परदेशातील आहे, आणि ते लोंढ्यास विशेष लागू पडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा उपसागर आहे. त्यात सहा राज्यांचे पाणी येते. कालव आणि खेकडे यांसाठी प्रसिद्ध असलेला हा उपसागर शेतातील खते व शहरांचे सांडपाणी यांमुळे खंगू लागला. १९८३ साली तो वाचविण्यासाठी पहिला करार झाला, आणि त्या करारात पेनसिल्व्हेनिया हे राज्यही सामील झाले. वास्तविक या राज्याला त्या उपसागराचा हातभरही किनारा लाभलेला नाही. परंतु तेथून वाहणारी सस्क्वेहाना नदी उपसागराला मिळणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी घेऊन येते. ज्यांना समुद्र दिसत नाही अशा शेतकऱ्यांच्या सहभागावाचून समुद्राचा हा भाग वाचणार नाही, हे तेथे चाळीस वर्षांपूर्वीच ओळखले गेले. काम अद्याप पूर्ण झालेले नाही. खाडीचे आरोग्य एका पंचवार्षिक योजनेत सुधारत नसते. परंतु जबाबदारी कोठवर पोहोचते, याचा निर्णय तेथे झाला.

कायद्याची रेषा आणि पाण्याची वाट

आपल्या देशात १९७४ साली जलप्रदूषण प्रतिबंधाचा आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ती २०११ व २०१९ साली नव्या स्वरूपात आली. या नियमांनुसार खाडीकाठच्या बांधकामांवर व भरावांवर निर्बंध आहेत. परंतु हे क्षेत्र कोठे संपते? वर्षातील सर्वात कोरड्या काळात पाण्यातील क्षाराचे प्रमाण दर हजारी पाच भाग असेल, तेथपर्यंत त्याची हद्द धरली जाते. कायद्याला कोठेतरी रेषा आखावीच लागते, आणि ही रेषा आपल्या ठिकाणी योग्य आहे. पण पाणी त्या रेषेच्या वरून येते. खारटपणा जेथे संपतो तेथे किनारा नियमन संपते. खाडीशी असलेले नाते मात्र तेथे संपत नाही, ते थेट देगावच्या झऱ्यापर्यंत आणि लोंढ्याच्या ओढ्यापर्यंत जाते. रेषेच्या वरचे काम वन, जलसंपदा, कृषी, ग्रामविकास, रेल्वे व सार्वजनिक बांधकाम अशा अनेक खात्यांत विभागलेले आहे. प्रत्येक खाते आपले काम करते. संपूर्ण नदीकडे पाहण्याचे काम मात्र कोणाच्याच दप्तरात नसते. ही उणीव भरून काढणे हेच खाडीच्या व्यवस्थापनाचे पहिले पाऊल होय.

कोणी काय करावे?

ग्रामस्थांच्या हाती पुष्कळ गोष्टी आहेत. ओढ्याच्या दोन्ही काठांवरील झाडी ही गावाची सामाईक मालमत्ता समजून राखावी. तिची मुळे काठ धरून ठेवतात आणि शेतातून येणारा गाळ व खत गाळून घेतात. देवराया तोडू नयेत. डोंगरउतारावर समपातळी चर व लहान बांध घातल्यास माती शेतातच राहते. त्याचा पहिला लाभ खाडीला नव्हे, त्या शेतकऱ्यालाच मिळतो. भाताला खत देताना मुसळधार पावसाचा दिवस टाळावा आणि ते हप्त्याहप्त्याने द्यावे. घरोघरी शोषखड्डे असावेत. लग्नकार्यानंतरच्या पत्रावळी, प्याले व पिशव्या नाल्यात लोटून दिल्या की गाव स्वच्छ झाले असे वाटते. प्रत्यक्षात तो कचरा पहिल्या पुरात दुसऱ्याच्या अंगणात गेलेला असतो.

अधिकाऱ्यांसाठी एक साधी सूचना करता येईल. घाटातील रस्ता, पूल, लोहमार्ग किंवा इमारत यांच्या कामात खणलेली माती कोठे टाकावयाची याचा निर्णय काम सुरू होण्यापूर्वीच व्हावा, आणि मेअखेर तिचे ढीग उतारावर उघडे राहू नयेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाहून गेलेली माती परत आणण्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. जैविक विविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते. या समितीच्या नोंदवहीत गावातील वृक्षांबरोबर ओढे, झरे, डोह व त्यांतील मासे यांचीही नोंद झाली, तर ती वही कार्यालयातील कपाटात पडून न राहता उपयोगी पडेल.

शिक्षकांचे कार्य तर सर्वांत मोलाचे. इटालियन शास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ साली एक पांढरी चकती दोरीला बांधून समुद्रात सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते यावरून पाण्याची स्वच्छता मोजली. ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. खोल पाण्यात शाळेतील मुले हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतील. उथळ ओढ्यासाठी त्याहूनही सोपा उपाय आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला, पूर नसताना, एकाच जागेचे पाणी काचेच्या बरणीत घ्यावे, ते रात्रभर स्थिर ठेवावे आणि तळाशी बसलेल्या मातीचा थर पट्टीने मोजून तारीखवार लिहून ठेवावा. सोबत शाळेच्या पर्जन्यमापकाचा आकडा लिहावा. तीन-चार वर्षांत अशी वही तयार झाली म्हणजे कोणत्या वर्षी, कोणत्या डोंगराची माती वाहू लागली हे गावाला स्वतःच्या आकड्यांवरून कळेल. लोंढ्याच्या शाळेची वही कारवारच्या शाळेने वाचावी आणि कारवारच्या खाडीची वही लोंढ्याच्या शाळेने वाचावी. एकाच नदीच्या दोन टोकांच्या मुलांची अशी ओळख झाली, तर पुढे ती मोठी झाल्यावर नदीविषयी भांडण्यापूर्वी एकमेकांचे ऐकून घेतील.

उपसंहार

खाजणाच्या बांधाला भोक पडले की ते जवळच्या माणसाने बुजवावे, हा जुना दंडक वर सांगितला आहे. आता तो बांध लांबला आहे. त्याचे एक टोक मांडवी व काळी यांच्या मुखाशी आहे आणि दुसरे टोक सह्याद्रीच्या माथ्यावर. वरच्या टोकाजवळ राहणारी माणसे म्हणजे खानापूर, लोंढा व रामनगर या भागातील रहिवासी होत. येथे पडलेले भगदाड येथल्याच माणसांना दिसणार, आणि बुजविणार तेही तेच. खालच्या लोकांना त्याचा पत्ता लागेल तो गढूळ पाण्यावरून, रिकाम्या जाळ्यावरून, आणि तोवर उशीर झालेला असेल.

मराठीत लोंढा या शब्दाचा अर्थ पाण्याचा जोराचा ओघ असा आहे. तो ओघ येत्या पावसाळ्यातही घाटावरून खाली जाणारच आहे. त्याच्यासोबत डोंगराची माती जावी, की जंगलात मुरून झऱ्यांतून पाझरलेले निवळ पाणी जावे, हे ठरविण्यासाठी पावसाळ्यापूर्वीचे दिवस हाती असतात. काठावरची झाडी जपणे, उघडा उतार झाकणे आणि शाळेत एक वही सुरू करणे ही कामे त्या दिवसांत होण्याजोगी आहेत.